झीज

एमईएसचा सुतार मी, कुलाब्यात, सव्वीस वर्षं.
क्वार्टरमधलं लाकूड सरकारचं,
आतला आवाज ज्याचा त्याचा.

तक्रारींच्या रजिस्टरात शेवटचा रकाना असतो: कारण.
वाळवी, खारं वारं, दमट भिंत,
आणि काहीच लिहायचं नसेल तेव्हा
‘फेअर वेअर अँड टेअर’.
वापरता वापरता झालेली झीज.

ब्लॉक सात, घर अकरा, हवालदार तोडकर.
न्हाणीघराची कडी.
जानेवारीत गेलो तर स्क्रू चौकटीसकट उपटलेले.
बाहेरून खांदा बसल्याशिवाय लाकूड असं आत फुटत नाही
हे मला कळतं, सव्वीस वर्षांत तेवढंच शिकलोय.
लिहिलं: झीज.
होळीच्या आदल्या दिवशी पुन्हा तेच दार.
झीज.

तिसऱ्यांदा, गौरी बसायच्या आधी.
सारिकाबाईंनी चहा दिला डाव्या हातानं,
उजवा पदराखाली.
म्हणाल्या, जाड बघून लावा. आतून.
पिशवीच्या तळाशी एक पितळी कडी होती,
कोताच्या कामातून उरलेली, ती काढली.
खूण करतोय तर बालवाडीतलं पोरगं कोपराशी:
काका, खाली लावा ना,
माझा हात पुरत नाही.

नियमानं कडी पाच फुटांवर.
पेन्सिल तीनवर आणली.

तेवढ्यात तोडकर ड्यूटीवरून आले.
काही न बोलता त्यांनी दार धरलं,
मी गिरमिट फिरवेस्तोवर.
दार थरथरत होतं. वाटलं, गिरमिटाचं आहे.
गिरमिट थांबवलं.
दार थांबलं नाही.

मिस्त्री, वरनं आल्यापासून झोप नाही, म्हणाले.
साहेबांना सांगितलं होतं. साहेब माणूस चांगला.
म्हणाले, कागदावर आलं की कॅटेगरी खाली जाते,
प्रमोशनचं बघ आधी. महिनाभर रजा घे, घरी बस.
घरी बसलो,
आणि कडीकडे बघत राहिले.

आतून सारिकाबाई म्हणाल्या,
झोप मलाही नाही.
मी कुणाचं दार फोडलं?

कोतात रायफलीगणिक नंबर असतो,
किती गोळ्या सुटल्या त्याची वही असते,
नळी सैल झाली की वर्कशॉप.
रायफलीला कुणी म्हणत नाही, घरी बस.

त्या संध्याकाळी मी शेवटच्या रकान्यात लिहिलं:
दार खांद्यानं फोडलं. आत बाई आणि मूल होतं.
जेईनं वाचलं, म्हणाला, हे सुताराचं काम नाही,
आणि दोन रेघा मारल्या.
पेन स्वस्तातलं. खालचं दिसत राहिलं.

दिवाळीनंतर इस्पितळातून कॅप्टन डिमेलो आल्या.
वयानं माझ्या थोरलीएवढ्या.
स्टुलावर बसून तीन वर्षांची रजिस्टरं चाळली,
रेघांखालचं खिडकीशी धरून वाचलं,
मग मला विचारलं,
एकाच दाराला दोनदा गेलात अशी घरं किती?
मला वाटलं, दोन-तीन सांगेन.
नऊ झाली.
दहावं एका मोठ्या साहेबांच्या बंगल्यातलं.
ते सांगण्याआधी पाणी मागितलं.

तोडकरांना वॉर्डात घेतलं.
घर सारिकाबाईंच्या ताब्यात ठेवलं, कुणी ठरवलं माहीत नाही,
इतक्या वर्षांत असं पहिल्यांदा बघितलं.
मार्चमध्ये त्याही गेल्या. गावी की आणखी कुठं,
वॉचमनलाही सांगितलं नाही.

जेई टेप घेऊन आला, क्वार्टर ताब्यात घ्यायला.
नळ ठीक. काचा ठीक.
न्हाणीघर: कडीची उंची चुकीची,
बॅरक डॅमेज, एकशे ऐंशी रुपये, तोडकरांच्या नावावर.

म्हटलं, माझ्या नावावर लिहा, साहेब.
चूक माझी आहे.
पहिल्या दोन खेपांना मी ती
पाच फुटांवर लावली होती.